चॅनलचा मालक शोधायचा तर कागद कसे वाचायचे

एक कोरा कागद आडवा धरा आणि पेन्सिल घ्या. पेन नको, कारण खोडावं लागणार आहे. कागदाच्या तळाशी तुम्ही रोज बघता त्या बातम्यांच्या चॅनलचं नाव लिहा. तिथून आपल्याला वर चढायचं आहे. कंपन्या संपून जिथे हाडामांसाचा माणूस सापडेल तिथे थांबायचं.

मी एकतीस वर्षं एका कंपनी सेक्रेटरीच्या कचेरीत काम केलं. वार्षिक विवरणपत्रं भरायची, सभांची इतिवृत्तं लिहायची, रजिस्ट्रारकडे कागद वेळेत दाखल करायचे, एवढंच माझं जग. बातम्यांशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा कधी डोक्यात आलं नाही. पुढे आमच्या तालुक्याच्या गावात नळपाणी योजनेचं काम रखडलं. गावात केबलवर दोन स्थानिक चॅनलं होती, एरवी एकमेकांवर तुटून पडणारी. या विषयावर मात्र दोघांनीही महिनाभर चकार शब्द काढला नाही. हाताला सवय होती म्हणून मी दोन्ही कंपन्यांच्या नोंदी उघडल्या. नोंदणीकृत पत्ता एकच, मजलासुद्धा तोच. एका संचालकाचं नाव एकीकडे आडनावापासून लिहिलेलं, दुसरीकडे नुसत्या आद्याक्षरांनी, पण संचालक क्रमांक एकच. आणि तोच क्रमांक पाण्याच्या कामाच्या ठेकेदार कंपनीतही. वीस मिनिटांचं काम होतं ते. आमच्या गावात ते कोणी केलं नव्हतं.

तेव्हापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवते. यात गुप्त काही नाही. सगळं सरकारदरबारी दाखल झालेलं असतं, फक्त वेगवेगळ्या कपाटांत.

पहिलं काम, चॅनलच्या नावावरून कंपनीचं नाव काढणं. पडद्यावरचा लोगो म्हणजे मालक नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २००७ साली ‘स्टार माझा’ सुरू झालं, तेव्हा घरोघरी समज असा की हे परदेशी ‘स्टार’चं चॅनल. पण बातम्यांच्या चॅनलमध्ये परदेशी भांडवल २६ टक्क्यांच्या वर नको, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून चॅनल चालवणाऱ्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा कोलकात्याच्या आनंद बाजार समूहाचा होता आणि ‘स्टार’चा २६ टक्के. २०१२ मध्ये ‘स्टार’ बाहेर पडलं आणि चॅनलचं नाव ‘एबीपी माझा’ झालं. प्रेक्षकाला वाटलं मालक बदलला. खरं तर मोठा हिस्सेदार आधीपासून तोच होता, बदलली ती पाटी.

कंपनीचं नाव मिळतं ते माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या परवानगी मिळालेल्या खाजगी उपग्रह वाहिन्यांच्या यादीत. साधारण नऊशे वाहिन्या आहेत तीत. चॅनल, कंपनी, भाषा, आणि ‘बातम्या’ की ‘बिगर-बातम्या’ हा वर्ग. हा वर्ग नीट बघून ठेवा, कारण नियम त्याप्रमाणे बदलतात. केबलवाल्याचं स्वतःचं स्थानिक चॅनल मात्र या यादीत सापडणार नाही. त्यासाठी केबलच्या बिलावर किंवा पावतीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते बघा आणि तिथून सुरुवात करा.

कंपनीचं नाव हाती आलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जा आणि ‘मास्टर डेटा’ काढा. नोंदणी करून प्रवेश घ्यावा लागतो, पण पैसे पडत नाहीत. तिथे २१ अक्षरा-अंकांचा एक ओळख क्रमांक दिसेल, ज्याला आम्ही सीआयएन म्हणतो. तो वाचता आला की अर्धी ओळख पटते. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात, मग दोन अक्षरं राज्याची, चार अंक स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरं खाजगी की सार्वजनिक ते सांगणारी, आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचे. स्थापनेचं वर्ष मी आवर्जून बघायला सांगते. जुन्या चॅनलमध्ये अलीकडेच जन्मलेली एखादी कंपनी मोठी भागधारक म्हणून उभी दिसली, की तिच्या नावाभोवती गोल करायचा.

नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं कागदावर उतरवून घ्या. नावांवर विसंबू नका. मराठी आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं असतं. संचालक क्रमांक, म्हणजे डीआयएन, एका माणसाला एकच मिळतो.

आता भागधारक. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिला दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता बाजाराकडे द्यावा लागतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांची, नावं वर असतात, आणि बाकीच्यांत एक टक्क्याच्या वर हिस्सा असणाऱ्यांची नावंही असतात. शेवटाकडे लक्षणीय लाभार्थी मालकांचा एक तक्ता असतो, तो बहुतेक लोक उघडतच नाहीत. कंपन्यांच्या साखळीमागे बसलेल्या माणसाचं नाव तिथे यायला हवं, असा कायदा आहे.

नोंदलेली नसेल तर थोडा खर्च आहे. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीमागे शंभर रुपये भरले की तिने दाखल केलेले कागद बघता येतात. त्यातलं वार्षिक विवरणपत्र एमजीटी-७ उघडा. सर्वसाधारण सभेनंतर साठ दिवसांत ते भरायचं असतं. भागधारकांची यादी त्याला जोडलेली असते. सोबत एओसी-४, म्हणजे ताळेबंद. दोन्ही उतरवून घ्या, कारण मुदत संपली की पुन्हा शंभर रुपये.

भागधारकांच्या यादीत माणसाचं नाव असेल तर तिथे रेघ थांबते. कंपनीचं असेल तर त्या कंपनीचा मास्टर डेटा, तिचं एमजीटी-७, तिचे भागधारक. पुन्हा वर. कधी तीन पायऱ्या, कधी सात. वाटेत एखादा ट्रस्ट किंवा भागीदारी संस्था लागली तर ही वाट तिथे अडते. मग ट्रस्टचं नाव लिहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्ह हीसुद्धा माहिती आहे, ते खोडून अंदाज लिहू नका.

इथे हिशेबाची एक गोष्ट सांगते. ती कळली नाही तर पुढचं सगळं चुकतं. समजा एका माणसाकडे ‘क’ कंपनीचे ५१ टक्के आहेत. ‘क’कडे ‘ख’चे ५१ टक्के, ‘ख’कडे चॅनल चालवणाऱ्या ‘ग’चे ५१ टक्के. गुणाकार केला तर त्या माणसाचा चॅनलमधला हिस्सा येतो १३.३ टक्के. कागदावर किरकोळ भागीदार! पण ‘क’चं संचालक मंडळ तो नेमतो, ‘क’ ‘ख’चं नेमते, ‘ख’ ‘ग’चं. संपादक कोण असावा हे शंभर टक्के तोच ठरवतो. म्हणून तुमच्या कागदावर प्रत्येक रेघेशेजारी दोन गोष्टी लिहा. एक, पैशातला हिस्सा, म्हणजे गुणाकाराने येणारा. दुसरी आकडा नव्हे, खूण: या पायरीवर निर्णय कोणाच्या हातात आहे. मालकीबद्दल लोक भांडतात तेव्हा बऱ्याचदा एकजण पहिलीबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसरीबद्दल.

आणि शेअर संपले की कर्ज बघा. माझ्या अनुभवात हे पान वाचायला लोक सर्वांत जास्त कंटाळतात, आणि उत्तर बहुधा इथेच असतं. एनडीटीव्हीचं प्रकरण जाहीर नोंदींत आहे, त्यावरून शिकता येतं. वर्षानुवर्षं तिच्या प्रवर्तकांत आरआरपीआर होल्डिंग ही कंपनी २९.१८ टक्क्यांसह दिसत होती. यादी वाचणारा म्हणेल, संस्थापक जोडप्याची कंपनी, विषय संपला. पण २००९-१० मध्ये आरआरपीआरने विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून ४०३ कोटींहून जास्त रकमेचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं, आणि बदल्यात असे वॉरंट, म्हणजे पुढे शेअर मिळवण्याचा हक्क देणारे कागद, दिले होते की ते वटवले तर आरआरपीआर जवळजवळ पूर्ण विश्वप्रधानच्या हातात जावी. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधान विकत घेतली आणि वॉरंट वटवले. २५ टक्क्यांची रेघ ओलांडली की आणखी २६ टक्के शेअर बाकीच्या भागधारकांकडून विकत घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते, तीही दिली. वर्ष संपायच्या आत कंपनी त्या समूहाकडे गेली. चावी बारा-तेरा वर्षं कर्जाच्या कागदात होती.

तेव्हा ताळेबंदात ‘परिवर्तनीय’ (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं) हा शब्द शोधा: परिवर्तनीय कर्जरोखे, परिवर्तनीय प्राधान्य शेअर, वॉरंट. मग ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप वाचा. तिथे कोणाकडून उसने घेतले, कोणाला जाहिरातीचा वेळ विकला, कोणाच्या जागेत कचेरी आहे, हे लिहिलेलं असतं. बिनव्याजी मोठं कर्ज दिसलं तर देणाऱ्याचं नाव कागदावर मालकांच्याच रांगेत लिहा, तुटक रेघेने जोडून. कंपनीच्या नोंदीत बोज्यांची यादीही असते. मालमत्ता किंवा शेअर कोणाकडे गहाण आहेत ते तिथून कळतं.

वर चढून झालं की आडवं सरका. या मालकाकडे दुसरं काय काय आहे? मराठीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपली बातम्यांची चॅनलं आणि वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटून वाढली. ‘साम’ सकाळ समूहाचं. ‘न्यूज१८ लोकमत’ या नावातच दोन घराणी आहेत, २००८ साली ‘आयबीएन लोकमत’ म्हणून सुरू झालेली भागीदारी. वर्तमानपत्राची मालकी शोधायला एक जुनी, सुंदर सोय आहे. १९५६ च्या नियमांखाली प्रत्येक वृत्तपत्र फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात फॉर्म ४ छापत आलं: मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असणाऱ्यांची नावं. ग्रंथालयात जाऊन दहा वर्षांचे मार्चचे अंक काढा. एकाच चौकटीतली नावं कशी बदलत गेली ते बघताना घराण्याचा, वाटण्यांचा, विक्रीचा सगळा इतिहास समोर येतो. मी अशा दुपारी फार आनंदात घालवल्या आहेत.

चॅनल घरात कोण पोचवतं, हेही आडव्या रेघेत घ्या. केबल कंपनी किंवा डीटीएच त्याच मालकाचं असेल तर कोणतं चॅनल कोणत्या क्रमांकावर दिसेल यावर त्याचा हात असू शकतो. डीटीएचच्या परवान्यात म्हणूनच प्रसारण कंपनीला २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवू देत नाहीत.

तुमचा कागद आता भरला असेल. तो नियमांशेजारी ठेवला की एक विचित्र चित्र दिसतं.

खाजगी एफएम रेडिओला बऱ्यापैकी नियम आहेत. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार एका शहरातल्या एकूण एफएम वाहिन्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एकाच मालकाकडे असू नयेत, शहरात किमान तीन वेगळे चालक असावेत, आणि २०२२ पर्यंत देशभरातल्या वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांची वरची मर्यादाही होती. राजकीय आणि धार्मिक संस्थांना मज्जाव. पण या खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्याच देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे जिथे बातमी नाही तिथे मालकी विखरून ठेवली. जिथे चोवीस तास बातमी आहे त्या टीव्हीला, एका माणसाकडे एका भाषेतली किती चॅनलं असावीत, चॅनलसोबत वर्तमानपत्र असावं का, याची मर्यादा घातलेली नाही. टीव्हीच्या बातम्यांसाठीचे आपले मालकीचे नियम परदेशी माणसाकडे बघून केलेले आहेत: आधी २६ टक्के, २०१५ पासून ४९ टक्के. सर्वांत मोठ्या भारतीय भागधारकाकडे किमान ५१ टक्के हवेत, ही अटही परकी सत्ता येऊ नये म्हणून आली. तिचा दुसरा अर्थ असा की बातम्यांच्या चॅनलला एक दांडगा देशी मालक असलाच पाहिजे. देशातल्या देशात एकवटणाऱ्या मालकीकडे हे नियम पाठ करून उभे आहेत, असं माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याची सुरुवात पुण्यातून झालेली आहे. १९५६ च्या किंमत-व-पान कायद्याखाली सरकारने १९६० मध्ये आदेश काढला: किती पानांचं वर्तमानपत्र किती किमतीला विकायचं हे ठरवून दिलं. कारण सांगितलं की मोठ्यांनी छोट्यांना गिळू नये. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये जिंकलं. मक्तेदारी मोडायची म्हणून कोणी किती छापावं आणि किती वाचकांपर्यंत पोचावं यावर बंधन घालता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मग ९ फेब्रुवारी १९९५ चा क्रिकेट प्रसारणाचा निकाल, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेला. त्यात प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता ठरली, आणि सरकार किंवा खाजगी, कोणाच्याच मक्तेदारीत ती नसावी असं म्हटलं. हे दोन निकाल एकत्र वाचा. मालकीच्या विविधतेसाठी प्रसारणाला नियम लावण्याचा आधार दुसऱ्यात आहे, आणि नियम करताना मजकुराला हात लावायचा नाही ही ताकीद पहिल्यात.

ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामकाने या विषयावर २००९ मध्ये आणि पुन्हा १२ ऑगस्ट २०१४ ला शिफारशी दिल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये लोकांची मतं मागवणारं नवं चर्चापत्र काढलं. २०१४ च्या शिफारशी जरूर वाचा. नियंत्रण म्हणजे फक्त शेअर नव्हे, करार आणि कर्जंही, हे त्यांनी मांडलं. बाजार भाषेप्रमाणे मोजावा असं म्हटलं, म्हणजे मराठी बातम्यांचा बाजार वेगळा. आणि मोजायची रीत दिली: प्रत्येक मालकाचा बाजारातला वाटा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची. पाच मालक प्रत्येकी २० टक्के असतील तर पाच वेळा ४००, म्हणजे २०००. एकाकडे ६० आणि चौघांकडे १०-१० असतील तर ३६०० अधिक ४००, म्हणजे ४०००. मालक दोन्हीकडे पाचच, पण दुसऱ्या उदाहरणात एकच आवाज घुमतो हे आकडा दाखवतो. टीव्ही आणि वर्तमानपत्र दोन्हींत एकाच वेळी एकाच मालकाचा या बेरजेतला भाग १००० च्या वर जाऊ नये, ही त्यांची सूचना होती. १००० म्हणजे सुमारे ३२ टक्के वाटा. ट्रायच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि ही सूचना कायदा झाली नाही. मधल्या काळात १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्नेचे भारतातले टीव्ही व्यवसाय एकत्र येऊन ‘स्टार’ आणि ‘कलर्स’ एका छताखाली आले. त्याला स्पर्धा आयोगाने अटी घालून मंजुरी दिली. स्पर्धा आयोग बाजार बघतो, जाहिरातीचे दर बघतो. किती वेगळे आवाज उरले हे मोजणं त्याचं मुख्य काम नाही.

कागदावरची प्रश्नचिन्हं सोडवायला माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘मालक कोण’ असं विचारू नका. असा प्रश्न सहज परत येतो. विचारा: ‘अमुक कंपनीने तमुक वाहिनीसाठी परवानगी मागताना सादर केलेल्या भागधारणेच्या तक्त्याची आणि त्यानंतर कळवलेल्या प्रत्येक बदलाची प्रत द्यावी.’ बातम्यांच्या चॅनलना भागधारकांचे आणि कर्जाचे करार मंत्रालयाला उघड करावे लागतात, म्हणजे कागद तिथे असतो. व्यापारी गुपित म्हणून किंवा त्रयस्थ पक्षाची हरकत म्हणून नकार येऊ शकतो. तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा की प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक आहेत, म्हणून यात व्यापक जनहित आहे. नकाराचं पत्रही जपून ठेवा.

ते सगळं घेऊन जायची जागा म्हणजे ट्रायची पुढची चर्चापत्रं. संकेतस्थळावर ती येतात, शेवटी क्रमांक घातलेले प्रश्न असतात, मत द्यायला काही आठवड्यांची मुदत असते. कोणीही नागरिक लिहू शकतो आणि आलेली मतं संकेतस्थळावर ठेवली जातात. मागच्या मतांची यादी उघडून बघा: प्रसारण कंपन्या, त्यांच्या संघटना, वकिलांच्या पेढ्या, आणि अधूनमधून एखादा सामान्य माणूस. लिहिताना पूर्ण चर्चापत्राला उत्तर द्यायचा हट्ट धरू नका. तुम्हाला ज्याची कागदोपत्री माहिती आहे त्या दोन-तीन प्रश्नांचे क्रमांक घ्या, एक पान लिहा आणि तुमचा नकाशा जोडा. प्रत्येक रेघेखाली कोणत्या वर्षाचं विवरणपत्र ते लिहा. ज्याचा कागद नाही ते वाक्य काढून टाका, कितीही खरं वाटत असलं तरी. आरोप करू नका, मालकी दाखवा.

नकाशाच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि तो फाइलला लावा. शेअर बाजारातल्या कंपनीसाठी दर तिमाहीनंतर, बाकीच्यांसाठी डिसेंबरअखेर, विवरणपत्रं भरून झाली की पुन्हा उघडून बघायचं. माझ्या वहीत आमच्या त्या दोन स्थानिक चॅनलांचं पान तीनदा खोडून झालं आहे. आता पत्ते वेगळे आहेत, संचालकही वेगळे आहेत, आणि दोघांच्याही ताळेबंदात बिनव्याजी कर्ज देणारी एकच कंपनी आहे. या वर्षीचे शंभर रुपये मी तिच्यावर घालणार आहे.